पाच वर्षांची हजेरी

माझी तक्रार मोठी नाही. मोठ्या तक्रारी करणारी माणसं वेगळी असतात. ती घरांच्या किमतींवर, हवामानावर आणि लोकशाहीच्या भवितव्यावर बोलतात, आणि मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत त्यांच्या हाती माइक गेला की तो परत येत नाही. माझं म्हणणं फक्त एका बेरजेबद्दल आहे.

कॅनडात कायम रहिवासी झालेला माणूस नागरिकत्वाचा अर्ज करायला कधी पात्र होतो, याचं उत्तर कायद्याने एका वाक्यात दिलं आहे. अर्जावर सही कराल त्या दिवसाच्या लगतच्या मागच्या पाच वर्षांत १०९५ दिवस देशात सदेह हजर असायला हवं. साधारण साठ टक्के हजेरी. आमच्या कॉलेजात पंच्याहत्तर टक्क्यांची अट होती आणि ती आम्ही कधी मनावर घेतली नाही, कारण तिथे मित्र प्रॉक्सी द्यायचे. इथे ती सोय नाही. देह ज्याचा त्याने आणायचा आहे. मन कुठे होतं, याची मात्र चौकशी नाही, आणि ही कायद्याची मेहेरबानीच म्हणायची. माझं मन फेब्रुवारीत तरी या देशात नसतं.

आता यात तक्रारीला जागा कुठे आहे, असं कुणी म्हणेल. सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे अर्धा दिवस. कायम रहिवासी होण्याआधी वर्क परमिटवर किंवा विद्यार्थी म्हणून इथे रीतसर काढलेला प्रत्येक दिवस हा कायदा अर्धा धरतो, आणि असे अर्धे जोडून जास्तीत जास्त ३६५ पदरात घालतो. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. फक्त कोणता अर्धा, ते सांगायला हवं होतं. त्या काळात मी सकाळी उठून घरमालकाच्या दारातलं बर्फ फावड्याने काढत होतो, तेव्हा ते पूर्ण निघत होतं. तळघरातल्या खोलीचं भाडं तो पूर्ण घेत होता. 'तुम्ही अजून अर्धेच आहात, तेव्हा करही अर्धाच भरा' असं पत्र मला कुणी पाठवलं नाही. ज्या दिवशी कायम रहिवासी झालो त्या दिवशी मी अर्ध्याचा पूर्ण झालो. संध्याकाळी घरी आलो तर बायकोला काही फरक दिसला नाही.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे आणि ती समजायला मला बराच वेळ लागला. ही पाच वर्षं एका जागी थांबत नाहीत. पाच वर्षांचा पट्टा रोज एक दिवस पुढे सरकतो. आज मी इथे राहिलो की पुढच्या टोकाला एक दिवस जमा होतो आणि त्याच वेळी मागच्या टोकाचा एक दिवस गळून पडतो. मागे गळणारा दिवस वर्क परमिटवरचा असेल तर एक आला, अर्धा गेला. म्हणजे दिवसभर राबून हाती अर्धा. तो दिवस पूर्ण हजेरीचा असेल तर एक आला, एक गेला. म्हणजे दिवसभर श्वास घेतला एवढंच. आणि मागे गळणारा दिवस जर साताऱ्यात आईच्या हातची आमटी ओरपत बसलेला असेल, तर तो जाताना काहीच नेत नाही, कारण त्याच्याकडे न्यायला काही नसतं. थोडक्यात, पाच वर्षांपूर्वीची गैरहजेरी आज उपयोगी पडते आणि आजची गैरहजेरी आज नडते. दोष गैरहजेरीत नसून ती चुकीच्या तारखेला केली यात असतो. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तेव्हाच जास्त राहायचं होतंस." मी तेव्हाही हेच म्हणत होतो, पण तेव्हा तिला परत यायची घाई होती.

शिवाय दोन आकडे एकदम सांभाळावे लागतात. कायम रहिवासी म्हणून टिकायचं तर पाच वर्षांत ७३० दिवस पुरतात, नागरिक व्हायचं तर १०९५ लागतात. म्हणजे ७३० आणि १०९४ यांच्या मधल्या पट्ट्यात असलेला माणूस कायमचा आहे, पण पुरेसा नाही. मी सध्या या पट्ट्यात राहतो. पत्ता विचारला तर मिसिसागा सांगतो, कारण तो फॉर्ममध्ये मावतो.

बेरजेसाठी सरकारने संगणकावर एक कॅल्क्युलेटर दिलेला आहे. तो सभ्य आहे, उलट बोलत नाही. प्रत्येक वेळी देशाबाहेर कधी गेलात, कधी आलात, कुठे गेलात आणि कशासाठी गेलात, एवढंच विचारतो. यातलं 'कशासाठी' मला जड जातं. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो, तिथे मी 'सुट्टी' लिहिलं. मावसभावाच्या लग्नात तीन पंगती वाढल्या, तीही सुट्टी. वाड्याच्या वाटणीच्या कागदावर सह्या करायला गेलो आणि चुलत्यांशी बोलणं तोडून परत आलो, तीही सुट्टीच. पाच वर्षांच्या माझ्या सुट्ट्यांची ही यादी एखाद्या अनोळखी अधिकाऱ्याने वाचली, तर या माणसाला सतत मजा करायची सवय आहे, असं त्याचं मत होईल.

कॅल्क्युलेटर कंजूष नाही, हेही सांगायला हवं. गेलेला दिवस आणि आलेला दिवस, दोन्ही तो इथल्या हजेरीत धरतो. १ जानेवारीला गेलात आणि ३१ जानेवारीला परतलात, तर तीस किंवा एकतीस नव्हे, २९ दिवस वजा होतात. टोरांटोहून रात्री अकराला निघालेल्या माणसाला तो दिवस अख्खा मिळतो, मग तो दुपारपासून मनाने मुंबई विमानतळाबाहेर टॅक्सीवाल्याशी भांडत का उभा असेना. तेव्हा एकूण सरकारशी माझा वाद नाही. वाद आहे तो मधल्या २९ दिवसांशी.

आणि नायगऱ्याशी. भारतातून पाहुणे आले की त्यांना नायगरा दाखवावा लागतो. हे कुठल्या कायद्यात नाही, पण त्यात कुणी सूट दिल्याचं ऐकलेलं नाही. धबधबा कॅनडाच्या बाजूने चांगला दिसतो, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर तो वापरलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडतं. मग रेनबो ब्रिजवरून पलीकडे जायचं, तोच धबधबा पाठीमागून बघायचा, तिकडून चॉकलेटं घ्यायची आणि संध्याकाळी परत यायचं. गेलो आणि आलो तो दिवस एकच असल्यामुळे वजाबाकी शून्य होते. पण ही फेरीसुद्धा कॅल्क्युलेटरमध्ये भरावी लागते. शून्य दिवस वजा करण्यासाठी तारीख आठवायची, गाव लिहायचं, कारण लिहायचं. कारण म्हणून मी 'सुट्टी' लिहितो. 'काकांनी ऐकलं नाही' असा पर्याय तिथे नाही.

तारखा आठवायच्या कशा, हा निराळा भाग. पासपोर्टवर मुंबईचे शिक्के आहेत, पण ते मारणाऱ्याचा हात त्या दिवशी कोणत्या मनःस्थितीत होता त्यावर सगळं अवलंबून. एका ठिकाणी ८ आहे की ३ आहे, हे भिंगातून पाहून मी ठरवलं आणि बायकोने भिंग काढून घेऊन उलटं ठरवलं. पाच दिवसांचा प्रश्न होता. एरवी घरात पाच दिवसांवरून कुणी कुणाशी बोलणं टाकत नाही. एक शिक्का दुसऱ्या शिक्क्यावर असा मारलाय की दोन्ही मिळून एक नवीनच महिना तयार झालाय. कॅनडाच्या बाजूला तर बहुतेक वेळा शिक्काच नाही. यंत्रासमोर तोंड धरायचं, पावती घ्यायची, पुढे जायचं. ती पावती मी जपून ठेवली होती आणि आता ती शाई उडून कोरी झाली आहे. कोरी पावती पुरावा म्हणून जोडता येत नाही, असं एका जाणकाराने सांगितलं. तो जाणकार मंडळातलाच.

मंडळात पूर्वी लोक भेटले की 'कसं काय' विचारायचे. आता 'किती झाले?' विचारतात. गणपतीच्या आरतीनंतर बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहिलं की पुढचा माणूस मागे वळून हेच विचारतो, आणि आपण आकडा सांगितला की त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार भाव येतो, जो मला सहन होत नाही. प्रत्येक मंडळात एक गृहस्थ असतात ज्यांनी बरोबर १०९५ भरताच दुसऱ्या दिवशी अर्ज टाकलेला असतो. त्यांच्याशी बोलायला जाऊ नये. दुसरे एक असतात जे म्हणतात, "घाई करू नका, हाताशी थोडे जास्तीचे ठेवा." एकही दिवस कमी भरला तर सगळं मुसळ केरात, म्हणून महिनाभराची तरी शिल्लक ठेवावी, असं बहुतेक सल्लागार सांगतात. म्हणजे कायद्याला १०९५ पुरतात, पण कायद्याला घाबरणाऱ्याला पुरत नाहीत. मी घाबरणाऱ्यांत आहे. माझी कंपनी मला अधूनमधून ओहायोतल्या एका कारखान्यात पाठवते. तिथला दिवस शून्य धरतात. तुरुंगात शिक्षा भोगताना काढलेला दिवसही शून्यच धरतात, हे नियमांत वाचलं तेव्हा मला ओहायोतल्या हॉटेलचं नेमकं वर्णन सापडल्यासारखं वाटलं. कॅनडाच्या सैन्यात किंवा सरकारी सेवेत असून बाहेर नेमणूक झाली, तर मात्र ते दिवस धरता येतात. मला सैन्यात घेणार नाहीत. चष्म्याचा नंबर मोठा आहे.

या सगळ्याची माहिती साताऱ्यात नाही, आणि देण्यात अर्थ नाही. मावशीने फोनवर विचारलं, "अरे, पाच वर्षं झाली ना तुला? मग अजून कसा नाहीस तू तिकडचा?" मी हजेरीचं सांगितलं. ती म्हणाली, "पण तू तर तिथेच असतोस, इथे कुठे येतोस?" ही तिची स्वतंत्र तक्रार आहे आणि ती तिच्या जागी रास्त आहे. तिच्या हिशेबात मी कधीच येत नाही आणि कॅल्क्युलेटरच्या हिशेबात सारखा जातो. या दोघांची एकदा गाठ घालून द्यावी, असं मला वाटतं.

लग्नांचा प्रश्न त्याहून अवघड. मुहूर्त काढताना गुरुजी गुरुबळ पाहतात, हॉलवाला तारीख पाहतो, मुलाकडचे परीक्षा आणि ऊसतोड पाहतात. माझी हजेरी कुणी पाहत नाही. डिसेंबरात एक लग्न आणि फेब्रुवारीत दुसरं ठरलं की मी दोन्ही एकाच फेरीत का बसवत नाही, असं विचारतात. त्यांच्या दृष्टीने ती बचत असते. माझ्या दृष्टीने दोन लग्नांच्या मधले सगळे दिवस उलटे मोजायचे असतात. मी एकदा एका साखरपुड्याची तारीख आठवडाभराने पुढे ढकलता येईल का, असं विचारून पाहिलं. त्यावर पलीकडे जी शांतता झाली, ती आंतरराष्ट्रीय कॉलच्या दराने बरीच महाग पडली असती. बरं झालं, व्हॉट्सअ‍ॅप होतं.

एवढं सगळं सोसल्यावर माणूस साहजिकच विचारतो की हा आकडा आला कुठून. तो आकाशातून पडलेला नाही, वेळोवेळी बदलत आलेला आहे. १ जानेवारी १९४७ च्या आधी कायद्याने इथले सगळे ब्रिटिश प्रजाजनच होते. त्या दिवशी कॅनडाचा स्वतःचा नागरिकत्वाचा कायदा अमलात आला आणि ३ जानेवारीला ओटावात झालेल्या समारंभात पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी घेतलं. त्यांना कॅल्क्युलेटर भरावा लागला नाही. बाहेरून आलेल्यांना तेव्हा पाच वर्षांची अट होती. १९७७ मध्ये ती चारांपैकी तीन वर्षांवर आली. २०१५ मध्ये सहांपैकी चार वर्षं, म्हणजे १४६० दिवस झाली, शिवाय चार वर्षांत दर वर्षी किमान १८३ दिवस, आणि अर्धे दिवस रद्द. मग सरकार बदललं आणि ११ ऑक्टोबर २०१७ पासून पाचांपैकी तीन वर्षं, अर्धे दिवस परत. या बदलांच्या मधे सापडलेल्या माणसांबद्दल मला विशेष आदर आहे. दीड-दोन वर्षं अर्धा धरलेला माणूस एका सकाळी उठून पाहतो तर शून्य, आणि पुढे कधी तरी पुन्हा अर्धा. एवढे चढउतार आमच्याकडे कांद्याचे होतात.

त्याहून मौजेची गोष्ट १९७७ च्या कायद्याची. त्यात 'राहणं' म्हणजे काय, ते नीट सांगितलंच नव्हतं. त्यामुळे न्यायाधीशांनी ते आपापल्या स्वभावानुसार ठरवलं. १९७८ मध्ये एका विद्यार्थ्याचं प्रकरण आलं. तो शिकायला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला गेला होता, पण नोव्हा स्कोशियाशी त्याने धागा तोडला नव्हता. न्यायालय म्हणालं, चालेल. माणूस बाहेर असला तरी त्याचं बस्तान इथे असेल तर तो इथेच राहतो. हा निकाल माझ्या अंतःकरणाला भिडतो. माझंही बस्तान इथेच असतं. ओहायोला जाताना मी फक्त दोन शर्ट नेतो.

पण १९९३ मध्ये न्यायमूर्ती मल्डून आले. ते म्हणाले की माणूस कॅनडाचा व्हायचा तर त्याला कॅनडात वावरायला हवं, इथल्या लोकांत मिसळायला हवं, आणि हे मिसळणं कुठे व्हायचं याची त्यांनी यादीच दिली. तीत मॉल आहेत, कोपऱ्यावरची दुकानं आहेत, ग्रंथालयं आहेत, मोटारदुरुस्तीच्या जागा आहेत, दारूचे गुत्ते आहेत, देवळं आणि मशिदी आहेत. आणि लिफ्ट आहे. हा निकाल मी वाचला त्या दिवसापासून लिफ्टमध्ये मी मोबाइल खिशात ठेवतो. आमच्या इमारतीची लिफ्ट सतराव्या मजल्यापर्यंत जाते आणि तीत पाच वर्षांत माझ्याशी कुणी एक शब्द बोललेलं नाही. सगळे वरच्या आकड्यांकडे बघतात. मीही बघतो. मल्डून यांच्या दृष्टीने ते पुरेसं असावं, कारण इथली माणसं लिफ्टमध्ये हेच करतात. मधे १९९२ मध्ये न्यायमूर्ती रीड यांनी सहा प्रश्नांची तिसरी कसोटी घालून दिली होती. अशा तीन कसोट्या वर्षानुवर्षं एकाच वेळी चालल्या आणि आपल्या वाट्याला कोणती येईल, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं. शेवटी कायद्यातच सदेह हजेरी लिहून टाकली गेली. म्हणजे मी ज्या कॅल्क्युलेटरबद्दल कुरकुरतो आहे, तो एका मोठ्या गोंधळावरचा उतारा आहे. हे मला मान्य आहे. कडू औषध कडूच लागतं, एवढंच माझं म्हणणं.

न्यू जर्सीतला माझा मित्र माझ्या या म्हणण्याला किंमत देत नाही. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड हाती पडल्यापासून पाच वर्षं, अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं असेल तर तीन, आणि त्यातही नव्वद दिवस आधी अर्ज करता येतो. निम्मे दिवस देशात हजर असलं की पुरे. ऐकायला छान आहे. पण ग्रीन कार्ड हाती पडेपर्यंत भारतीय माणसाने जी वर्षं रांगेत काढली, ती अर्धीसुद्धा धरत नाहीत. कुठल्याही एका देशाला नोकरीवरच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा नियम असल्यामुळे ती रांग बरीच लांब आहे. मित्राने रांगेत असताना घर घेतलं, त्याचं निम्मं कर्ज फेडलं, त्याच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याचं पाच वर्षांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. "तू निदान अर्धा होतास," तो म्हणतो, आणि मला गप्प बसावं लागतं. लंडनला असलेल्या आतेबहिणीची गंमत आणखी वेगळी. तिला अर्जाच्या बरोबर पाच वर्षं आधी, नेमक्या त्या तारखेला, ब्रिटनच्या भूमीवर असणं भाग होतं. तो एक दिवस हुकला की बाकी सगळ्या दिवसांवर पाणी. आणि आपल्या भारताचं विचाराल, तर १९५५ च्या कायद्यात परदेशी माणसाला सर्वसाधारणपणे अर्जाच्या लगेच आधीचे सलग बारा महिने आणि त्यामागच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं भारतात राहावं लागतं. एकूण एक तप. याबाबतीत आपल्याकडे कुणी तक्रार करताना मी ऐकलेलं नाही.

दिवस भरल्यावर पुढचं सोपं आहे. अठरा ते चौपन्न वयाच्या माणसाला वीस प्रश्नांची परीक्षा असते, त्यांतले पंधरा बरोबर यावे लागतात. पंचावन्नाव्या वर्षी परीक्षा माफ होते, बहुधा त्यानंतर माणूस काही शिकतो यावर कुठल्याच सरकारचा विश्वास नसावा. दिवस मात्र पंचावन्नालाही मोजूनच द्यायचे. त्यानंतर शपथ. राजे चार्ल्स तिसरे, त्यांचे वारस आणि त्यांच्या मागून येणारे, या सगळ्यांशी निष्ठा राखण्याची. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या भागातून आलेल्या माणसाने ही शपथ घ्यायची, यावर वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, वारस म्हणजे कोण कोण? मी यादी पाहिली. तीत २०१३ साली जन्मलेला एक मुलगाही आहे. त्यालाही शब्द आजच देऊन ठेवायचा आहे.

माझी बायको ही शपथ घेऊन बसली आहे. आम्ही दोघं एकाच दिवशी कायम रहिवासी झालो, पण तिला ओहायो नव्हतं, वाटणीच्या सह्या नव्हत्या, आणि तिच्या माहेरची लग्नं तिने धोरणीपणाने व्हिडिओवर पाहिली. तिचे दिवस आधी भरले. शपथविधी संगणकावर झाला. सगळ्यांनी आपापल्या कायम रहिवासी कार्डाचे कॅमेऱ्यासमोर कात्रीने तुकडे करायचे होते. ऑन्टारिओत दूध पिशवीत मिळतं. त्या पिशवीचं तोंड कापायची आमची कात्री आहे, तिनेच तिने कार्ड कापलं. मी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून फ्रिजपाशी उभा होतो. तिने शपथेचा शेवटचा शब्द उच्चारला आणि भारताच्या कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे तिचं भारतीय नागरिकत्व त्या क्षणी आपोआप संपलं. कुणी तिला विचारलं नाही. तीन वर्षांची वजाबाकी मोजून मिळवलेलं नागरिकत्व, आणि जन्माचं होतं ते मोजायलाही सेकंद लागला नाही.

तेव्हापासून तिची वेगळी वणवण चालू आहे. जुना भारतीय पासपोर्ट वापरणं आता गुन्हा. आधी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, मग कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय नागरिकत्व सोडल्याचा दाखला, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड किंवा निदान व्हिसा. कॅनडाच्या पासपोर्टला फोटो उभा लागतो, ओसीआयला चौकोनी. दोन्हीत हसायचं नाही, त्यामुळे तो भाग सोपा जातो. व्हिसाचं म्हणाल, तर २०२३ मध्ये गणपती बसून तिसरा दिवस होता, २१ सप्टेंबर, त्या दिवशी भारताने कॅनडातल्या लोकांना व्हिसा देणं थांबवलं. काही प्रकारचे व्हिसा महिनाभराने सुरू झाले, ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला. तोवर दिवाळी होऊन गेली होती. ज्यांच्याकडे ओसीआय होतं ते बिनघोर गेले. ज्यांनी नुकतीच शपथ घेतली होती आणि ओसीआय यायचं होतं, त्यांनी इथेच किराणा दुकानातून आणलेल्या फराळावर दिवाळी केली. अशी माणसं मंडळात अजून ओळखू येतात. नागरिकत्वाचं अभिनंदन करायला गेलं की ती आधी तारीख सांगतात.

ओसीआय आलं की मात्र पुष्कळ सोय आहे. आयुष्यभर व्हिसा नको. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येईल तेवढी ठेवता येते. चुलत्यांना हे कळल्यापासून ते बायकोशी फार मायेने बोलतात. वेरूळ पाहायला गेलात तर तिकीट भारतीयांच्याच दराचं लागतं. खिडकीवरच्या माणसाला हा नियम ठाऊक असेल तर.

आता मावशीच्या धाकट्या मुलीचं लग्न साताऱ्यात ठरलं आहे. बायकोकडे जायला कागद नाहीत. माझ्याकडे कागद आहेत, पण दिवस नाहीत. घरात दोन्ही देशांच्या बाजूने ज्याचं सगळं चोख आहे, असा एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचा मुलगा. तो इथे जन्मला, त्यामुळे पहिल्या श्वासाबरोबर नागरिक झाला. एक दिवसही मोजावा लागला नाही, आणि मोजायला तो गेल्याच वर्षी शिकला. त्याचं ओसीआय आम्ही तो पाळण्यात असतानाच काढून ठेवलं, शाईत त्याचा अंगठा बुडवून. मावशी म्हणाली, मग त्याला तरी पाठवा. विमान कंपनीला फोन करून विचारलं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते एकटं नेत नाहीत, आणि त्याच्यासोबत एक मोठं माणूस लागेल, असं त्या बाईंनी दोनदा सांगितलं.